बी.पी. मोजून निघून जाऊ नका : पुण्यातल्या एथिक्स कमिट्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहर आणि जिल्ह्यातील रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये व संशोधन संस्था यांच्या एथिक्स कमिट्यांचे सन्माननीय सदस्य

स.न.वि.वि.

रक्तदाब आणि हृदयविकारावरच्या अभ्यासांसाठी घरोघरी जाऊन मोजमापं घेणारी मी एक कार्यकर्ती आहे. पाठीवर बॅग, बॅगेत बी.पी.चं मशीन, दंडाला बांधायचे तीन मापांचे पट्टे म्हणजे कफ, वजनकाटा, मोजपट्टी आणि पूर्वी फॉर्मांचा गठ्ठा, आता टॅब, असं आमचं काम. माणसांवरच्या संशोधनाला परवानगी द्यायची की नाही हे आपण ठरवता. आपल्यापुढे प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा येतो, त्यावर चर्चा होते, मंजुरीचं पत्र निघतं. कागदावरचं ते संशोधन पुढे लोकांच्या दंडापर्यंत पोचतं ते आमच्या हातून. म्हणून आपल्याला थेट लिहिते आहे.

माझी मागणी एकच आहे. ज्याचा रक्तदाब मोजला, त्याला तो आकडा, त्याचा अर्थ आणि पुढे कुठे जायचं हे लेखी, मराठीत आणि त्याच दिवशी मिळणार असेल, तरच अभ्यासाला मंजुरी द्या. मग तो अभ्यास कोणाचाही असो, एका एम.डी.च्या विद्यार्थ्याचा प्रबंध असो की परदेशी निधीवर चाललेला मोठा प्रकल्प.

संशोधन बंद पडावं असं मला चुकूनही वाटत नाही. आज आपण रक्तदाबाच्या ज्या गोळीवर विसंबून आहोत ती लोकांनी दंड पुढे केला म्हणूनच हाती आली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञाने तपासलं तेव्हा त्यांचा रक्तदाब १८६/१०८ होता. १२ एप्रिल १९४५ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशीची नोंद आहे ३००/१९०. एवढ्या मोठ्या माणसाला द्यायलाही डॉक्टरांकडे धड औषध नव्हतं. वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, असं तेव्हाच्या कितीतरी चांगल्या डॉक्टरांनाही वाटत होतं. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावात ३० ते ६२ वयाच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली. ही माणसं रुग्ण नव्हती, साधी गावकरी होती. दर दोन वर्षांनी ती येत राहिली. वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा हृदयाच्या झटक्याशी काय संबंध आहे, हे त्यांच्यामुळे जगाला कळलं. या अभ्यासातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. तपासणीत जे आढळेल त्याचा अहवाल त्या माणसाच्या स्वतःच्या फॅमिली डॉक्टरकडे जात असे. पंचाहत्तर वर्षांपूर्वी, टाइपरायटर आणि टपालावर, हे जमत होतं.

आपल्याकडचं उदाहरण तर आणखी जवळचं आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम ५० रुग्णांमध्ये अभ्यासला आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या आयुर्वेदाला ही मुळी पूर्वीपासून माहीत होती, पण जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष तिच्याकडे वळलं ते या लेखानंतर. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या कंपनीने तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं. पुढे अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये जी पहिली मोठी चाचणी झाली, जिच्यात निम्म्या लोकांना औषध आणि निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी दिली होती, तिच्यात दिलेल्या तीन औषधांपैकी एक हेच रेसरपिन होतं. १९६७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष त्यात होते. प्लासिबोच्या गटात २७ जणांना गंभीर त्रास झाला, औषधाच्या गटात २ जणांना. रक्तदाब उतरवला तर माणूस वाचतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं. आज रेसरपिन क्वचितच कोणी लिहून देतं, त्याहून चांगली औषधं आली. पण मुंबईच्या त्या पन्नास रुग्णांपासून ही वाट निघाली, आणि त्यांच्यापैकी एकाचंही नाव इतिहासात नाही.

पुण्याला तर अशा लोकांचं मोठंच ऋण आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, जेमतेम खाणाऱ्या आया आणि पावणेतीन किलोच्या आसपास जन्मलेली त्यांची बाळं. इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केल्यावर दिसलं की आपली बाळं वजनाने कमी भरतात, त्यांच्या अंगात स्नायू कमी असतात, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून असते. जन्माच्या वेळचं कमी वजन आणि पुढे हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचा संबंध त्याआधीच इंग्लंडमधले संशोधक डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये तिथल्या हर्टफर्डशायरमधल्या जुन्या नोंदींवरून दाखवला होता. दिसायला सडपातळ माणसालाही मधुमेह आणि हृदयविकार लवकर का गाठतात, याचं उत्तर शोधताना जग आज आपल्या या गावांकडे बघतं. तेव्हाची ती बाळं आता तिशीला आली आहेत, आणि अजून तपासणीला येतात. इतकी वर्षं माणसं जोडून ठेवल्याशिवाय असा अभ्यास उभाच राहत नाही.

आता मी रोज काय पाहते ते सांगते.

पर्वतीच्या पायथ्याची वस्ती, दुपारचे साडेतीन. चार घरची धुणीभांडी उरकून आलेली चाळिशीची एक बाई लोखंडी कॉटवर बसली. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, असं तिला सांगितलं. ‘नुसतं बसून काय करू?’ म्हणत तिने मेथीची जुडी ओढली. जुडी बाजूला ठेवायला लावली, टीव्ही बंद करायला लावला, ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून दंड आवळणार म्हणून आत जाऊन गाऊन घालून यायला सांगितलं. तिन्ही वेळा मोजलं. शेवटचा आकडा १७२/१०६. तिने विचारलं, ‘किती आलं हो ताई?’

त्या अभ्यासातली आम्हाला दिलेली सूचना अशी होती की आकडा टॅबमध्ये भरायचा, सहभागीला सांगायचा नाही. जास्त वाटला तर ‘डॉक्टरांना दाखवून घ्या’ एवढंच म्हणायचं. मी १७२ आणि १०६ भरलं आणि पडद्यावर पुढचा प्रश्न आला : आठवड्यातून किती दिवस फळं खाता? मी टॅब खाली ठेवला आणि तिला आकडा सांगितला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहूनही दिला. तिथे दुधाचे खाडे होते, गॅसच्या टाकीची तारीख होती, धाकट्याच्या शाळेच्या फीची खूण होती. आमच्या अभ्यासातून त्या घरात राहिलेला कागद म्हणावा तर तो एवढाच.

ती सूचना कोणत्या संस्थेची होती हे इथे महत्त्वाचं नाही. असे प्रोटोकॉल मी एकाच ठिकाणी पाहिलेले नाहीत. आणि ते तुमच्यासारख्याच कमिट्यांमधून मंजूर होऊन आले होते.

हे असं का होतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. नव्या औषधाची चाचणी आली की कमिटी बारकाईने विचारते. विमा आहे का, नुकसानभरपाई कोण देणार, रक्ताचे नमुने देशाबाहेर जाणार का, संमतीचं चित्रीकरण कसं होणार. ते सगळं योग्यच आहे. पण नुसता रक्तदाब मोजायचा अभ्यास ‘किमान जोखीम’ या वर्गात बसतो आणि लवकर हातावेगळा होतो. कफ बांधल्याने कोणाला काय होणार, हा विचार त्यामागे असतो. कफमुळे काही होत नाही हे खरंच. जोखीम आहे ती आकडा कळूनही गप्प राहण्यात. तापाने माणूस फणफणतो, दात दुखला की रात्रभर झोप लागत नाही. वाढलेला रक्तदाब मात्र बहुतेकांना काहीच सांगत नाही आणि एके दिवशी थेट अर्धांगवायू किंवा झटका घेऊन येतो. आम्ही मोजलं तो क्षण कित्येकांच्या आयुष्यातला पहिलाच मोजण्याचा क्षण असतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुष वाढलेल्या रक्तदाबाचे किंवा त्याची औषधं घेणारे निघाले. दर चार-पाच माणसांमागे एक. म्हणजे एका चाळीतून फिरून आलो तर आमच्या टॅबमध्ये असे किती आकडे गप्प पडून असतील ते बघा.

आणि आपल्याकडे वेळही कमी असतो. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या निम्म्या लोकांना पहिला झटका ५३ वर्षांच्या आतच आलेला निघाला, इतर देशांमध्ये हे वय जवळपास ५९ होतं. कर्ता माणूस, मुलं अजून शिकत असलेली, घराचे हप्ते चालू, अशा वयात.

संशोधकांचा पहिला आक्षेप मला पाठ आहे. आकडा सांगितला तर माणूस मीठ कमी करतो, गोळी सुरू करतो आणि अभ्यास बिघडतो. फ्रॅमिंगहॅमने पहिल्यापासून आकडे डॉक्टरांपर्यंत पोचवले, तरी तो अभ्यास बिघडला नाही. ज्याने औषध सुरू केलं त्याची तशी नोंद करता येते, संख्याशास्त्रात त्याची सोय आहे. उपचार न झालेल्या रक्तदाबाचं पुढे काय होतं, हे पाहण्यासाठी आज कोणाला अंधारात ठेवायची गरज उरलेली नाही. ते उत्तर माजी सैनिकांच्या त्या चाचणीत १९६७ लाच मिळालं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. एका वेळच्या मोजणीवरून निदान करता येत नाही, लोक उगाच घाबरतात. बरोबर आहे, आणि म्हणूनच नुसता आकडा तोंडी सांगू नका, चिठ्ठी द्या असं मी म्हणते. चिठ्ठीवर साध्या मराठीत लिहिता येतं : आज तुमचा रक्तदाब इतका आला. १४०/९० किंवा त्याच्या वर असेल तर घाबरू नका, पण काही दिवसांत पुन्हा मोजून घ्या. १८०/१२० च्या पुढे असेल आणि छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, बोलताना जीभ अडखळत असेल किंवा हातापायातली शक्ती गेली असेल, तर आत्ता रुग्णालयात जा. खाली जवळच्या महापालिका दवाखान्याचं किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव, तिथली वेळ, तपासणीचा वार. वस्तीतली आशाताई कोण आहे तेही. एवढं वाचून कोणी घाबरत नाही. घाबरतात ते ‘डॉक्टरांना दाखवून घ्या’ असं म्हणून आम्ही मान फिरवतो तेव्हा.

यातून एक फायदा संशोधकांचाच होईल, आणि हे मी अनुभवाने सांगते. रक्तदाब मोजणं सोपं वाटतं, पण त्यात चुका फार होतात. बोलत असताना मोजलं, पाय लोंबकळत असताना मोजलं, पाठीला आधार नसताना, लघवी तुंबलेली असताना, चहा किंवा मशेरीनंतर लगेच मोजलं, तर आकडा चढतो. जाड दंडाला लहान कफ लावला तरी चढतो. हात हृदयाच्या पातळीखाली लोंबत असला तरी चढतो. जुन्या पाऱ्याच्या मशीनवर मोजणारे तर सर्रास शून्याने संपणारे आकडे लिहीत : १३०, १४०, १५०. अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट’ चाचणीत ९,३६१ लोक होते आणि वरचा आकडा १२० च्या खाली ठेवला तर १४० च्या तुलनेत हृदयविकार आणि मृत्यू कमी होतात, हे तिने २०१५ मध्ये दाखवलं. ते आकडे पाच मिनिटं शांत बसवून, मशीनवर तीनदा मोजून, सरासरी काढून घेतलेले होते. आपल्या दारातल्या धावपळीच्या एका मोजणीवर ते निष्कर्ष लावायचे कसे? ज्याला आपल्या हाताने लिहिलेली चिठ्ठी समोरच्या माणसाच्या हातात द्यायची आहे, तो मोजताना घाई करत नाही. चिठ्ठी सुरू करा, तुमची माहितीही सुधारेल.

यापुढची गोष्ट औषधांच्या चाचण्यांची. त्यात माणूस महिनोन्‌महिने गोळी घेतो. वेळेवर बोलावणं येतं, रिकाम्या पट्ट्या मोजून घेतल्या जातात, येण्याजाण्याचं भाडं मिळतं, डॉक्टर नावाने ओळखतात. मग अभ्यास संपतो आणि हे सगळं एकदम थांबतं. कितीजणांना वाटतं की कोर्स पुरा झाला, आता आपण बरे. रक्तदाबाची गोळी बंद केली की रक्तदाब परत चढतो, हे चाचणीतल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत असतं आणि चाचणीतल्या कित्येक रुग्णांना नसतं. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमांमध्ये चाचणीनंतर औषध मोफत देण्याची तरतूद आहे, पण दुसरा उपचार उपलब्ध नसेल तेव्हा. रक्तदाबाला दुसरी औषधं आहेत, म्हणून हा नियम त्याला लागू होत नाही. नियमातली ही फट कमिटीने भरून काढायची आहे. शेवटच्या भेटीत किमान एक महिन्याची नेहमीची औषधं, कोणती गोळी किती ताकदीची चालू होती ते लिहिलेलं पत्र आणि पुढच्या दवाखान्याचं नाव, एवढं प्रायोजकाकडून लिहून घ्या. ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळीची पट्टी जेनेरिकमध्ये काही रुपयांना मिळते. लाखोंच्या अंदाजपत्रकात हा खर्च दिसणारही नाही.

लोकांना औषधावर टिकवून ठेवणं हासुद्धा विज्ञानाचाच भाग आहे, हे आपल्या देशात दाखवून झालं आहे. ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ हे रक्तदाब आटोक्यात आणण्याचं सरकारी काम नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांमध्ये सुरू झालं. त्यात महाराष्ट्र होता आणि आपला शेजारचा साताराही होता. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन ही मोजकी औषधं, ठरलेल्या पायऱ्या, महिन्याभराच्या गोळ्या एकदम, आणि कोण परत आला, कोण आला नाही याची नोंद. न येणाऱ्याला शोधायचं, त्याला फोन करायचा. किती लोक १४०/९० च्या खाली आले ते मोजायचं. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या गटाने या कामाला पुरस्कार दिला. नवं काहीही न शोधता, माहीत असलेलं औषध माणसापर्यंत पोचवून, इतकं साधलं.

निष्कर्षांबद्दल थोडंच सांगते. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०१३ च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलं होतं की सहभागींना अभ्यासाचे निष्कर्ष जाणून घेण्याची संधी मिळाली पाहिजे. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही लोकांपर्यंत फायदा आणि माहिती परत नेण्याबद्दल बोलतात. प्रत्यक्षात मी ज्यांच्या दारात गेले त्यांच्यापैकी फार थोड्यांना त्या अभ्यासातून काय निघालं हे कळलं. पुढच्या अभ्यासासाठी त्याच गल्लीत गेल्यावर लोक विचारतात, ‘मागच्या वेळेला नेलंत त्याचं काय झालं?’ माझ्याकडे उत्तर नसतं. मग दारं बंद व्हायला लागतात. कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये वॉचमनच फाटकावर थांबवतो, वस्तीत ‘घरी कोणी नाही’ असं घरातूनच ऐकू येतं. इंग्रजी जर्नलमध्ये लेख आला की महिन्या-दोन महिन्यांत एका पानाचं मराठी पत्र घरोघरी किंवा व्हॉट्सॲपवर जाऊ द्या. आजींना वाचता येत नसेल तर नातू वाचून दाखवेल.

आपल्या कमिट्यांमध्ये एक सदस्य सामान्य नागरिकांमधला असतो. शिक्षक असतो, बँकेतून निवृत्त झालेलं कोणी असतं, समाजकार्य करणारं कोणी असतं. त्यांना माझी वेगळी विनंती आहे. बैठकीत वैद्यकीय शब्दांचा भडिमार होतो तेव्हा आपण गप्प बसावं असं वाटतं, हे मी समजू शकते. पण रक्तदाबाचा प्रोटोकॉल आला की आपण फक्त एवढं विचारा : मोजल्यावर त्या माणसाच्या हातात काय राहणार? सहभागीसाठीचं माहितीपत्रक मागवून घ्या आणि तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचा. वाचताना आपणच अडखळलात तर ते परत पाठवा.

रक्तदाबावरच्या ज्या अभ्यासांना आपण आधीच मंजुरी दिलेली आहे आणि ज्यांचं काम आज चालू आहे, त्यांनाही हे लागू करता येईल. वार्षिक अहवाल मागवताना चिठ्ठ्या किती दिल्या, १४०/९० च्या वर किती निघाले आणि त्यांच्यातले किती दवाखान्यात पोचले, हे तीन रकाने वाढवा. घरोघरी मोजमापं घेणाऱ्या आम्ही काही जणींनी चिठ्ठीचा एका बाजूचा मराठी नमुना तयार केला आहे. त्यात अक्षर मोठं आहे, आकड्यासाठी चौकोन आहे आणि दवाखान्याचं नाव हाताने भरायची जागा आहे. आपल्यापैकी ज्या कमिटीला हवा असेल तिला तो आम्ही विनामूल्य देऊ, आणि बैठकीला बोलावलंत तर मशीन घेऊन येऊन करूनही दाखवू.

आपली नम्र,
रक्तदाब सर्वेक्षणात काम करणारी एक क्षेत्र कार्यकर्ती
पुणे